एक वाचन, दोन गावं

कागद अमरावतीत आणि कापूस अकोल्यात, अशी आमच्या कामाची वाटणी होती. मी अमरावतीत इतिहास शिकवते. मैत्रीण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकली, आता देशी कपाशीच्या वाणांवर काम करते. वऱ्हाडातल्या कापसावर दोघींनी मिळून लिहायचं ठरलं, तेव्हा अडचण आली ती वाचलेलं एकमेकींपर्यंत पोचवण्याची. बडनेऱ्याहून मूर्तिजापूर, तिथून अकोला, अंतर शंभरेक किलोमीटर. पण रोज कोण जाणार? व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नंतर सापडायची, पण ती कुठल्या पानासाठी पाठवली होती ते काही आठवायचं नाही. शेवटी तीच एकदा फोनवर म्हणाली, "फाइल नको धाडू वं, पान सांगजो."

मग आम्ही झोटेरोवर गट काढला. संदर्भ सांभाळणारं हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली तयार झालं आणि ते फुकट आहे. गटात मी केलेली नोंद सिंक झाली की तिच्या संगणकावर उमटते. पीडीएफवर कोणी काय रंगवलं, तेही नावानिशी दिसतं. नोंदी, खुणशब्द, टिपणं कितीही ठेवता येतात. फाइलींना मात्र फुकटात ३०० एमबी एवढीच जागा मिळते आणि ती गटाच्या मालकाच्या खात्यातून मोजली जाते. जुन्या गॅझेटियरच्या स्कॅन प्रती केवढ्या जड असतात, हे ज्यांनी उतरवून घेतल्या त्यांना ठाऊक आहे. म्हणून लायलने संपादित केलेल्या १८७० च्या बेरार गॅझेटियरसारखं जे इंटरनेटवर सहज मिळतं, त्याचा फक्त दुवा आणि पान क्रमांक ठेवायचे असं ठरवलं. जागा राखून ठेवली ती दुसरीकडे न मिळणाऱ्या कागदांसाठी. गावच्या वाचनालयात मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो, एखाद्या घरातली जुनी हिशेबवही, असे ते कागद.

नियमही करावे लागले. आपल्या खासगी संग्रहातून नोंद गटात ओढली की तिची वेगळी प्रत होते; पुढे एकीत केलेला बदल दुसरीत जात नाही. लेखात एकीने खासगी संग्रहातून आणि दुसरीने गटातून तोच संदर्भ दिला, तर यादीत तो दोनदा येतो. म्हणून संदर्भ द्यायचा तो गटातूनच. दुसरा नियम उन्हाळ्याने करायला लावला. मे महिन्याच्या दुपारी वीज गेली, वायफाय बंद पडलं, तरी दोघी आपापल्या ठिकाणी वाचतच असायच्या. एकाच टिपणात दोघींनी बदल केले की पुढच्या सिंकला सॉफ्टवेअर विचारतं, यातलं कुठलं ठेवू? दुसरीचं वाचन पुसायचा हक्क मला कोणी दिला? तेव्हापासून एकीच्या टिपणात दुसरी हात घालत नाही, खाली आपलं वेगळं टिपण जोडते.

मराठी साहित्याला जास्त वेळ लागला. शोधगंगा आणि कृषिकोश यांवर प्रबंध मिळतात, पण जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधल्या पीडीएफचा मजकूर उचलला की भलतीच अक्षरं येतात आणि शोधात काही सापडत नाही. जुन्या इंग्रजी कागदांत गावांची नावंही नाना तऱ्हांनी लिहिलेली. म्हणून प्रत्येक नोंदीला देवनागरीत खुणशब्द दिले: अमरावती, दर्यापूर, बोंड, रेचा, आडत. हे काम कंटाळवाणं आहे, पण केलंच पाहिजे.

त्याचं चीज झालं ते बनी आणि जरीच्या बाबतीत. वऱ्हाडातली बनी ही लांब धाग्याची कपाशी. जरी लवकर हाती येणारी, पण आखूड धाग्याची. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला भाव चढला. त्या काळापासूनच्या सरकारी कागदांत, शेतकरी बनी सोडून जरीकडे वळतो, याची तक्रार दिसते. ते उतारे मी रंगवून ठेवले होते. बाजूला माझं टिपण होतं की व्यापाराच्या घाईत वाणाची हेळसांड झाली. दुसऱ्या दिवशी खाली तिचं टिपण आलं: कोरडवाहू काळ्या जमिनीत ओल संपायच्या आत बोंड फुटलं पाहिजे. शिवाय जरीत सरकी कमी, रुई जास्त. मग शेतकऱ्याने जरी का निवडू नये? गिरणीला लांब धागा हवा होता म्हणून शेतकरी अडाणी ठरत नाही.

आमच्या लेखाचा मधला भाग त्या टिपणावर उभा राहिला. ती मला कित्येकदा भेटली होती, कापसावर आम्ही तासन्‌तास बोललो होतो, पण हा मुद्दा कधी निघाला नव्हता. तो निघाला त्या ओळींच्या खाली, कारण माझं वाचन तिच्यासमोर उघडं होतं. आपल्याकडे पीएचडी झाली की झेरॉक्सचे गठ्ठे माळ्यावर जातात, पेनड्राइव्ह कुठल्यातरी खणात पडतो आणि पुढचा विद्यार्थी पहिल्या पानापासून सुरुवात करतो. मला हे फार लागतं. तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्या मुलींना शहरातल्या ग्रंथालयात तास-दोन तास मिळतात. कोणीतरी आधी काढलेली पानं आणि टिपणं त्यांच्या हाती पडायला नकोत का? म्हणून आता माझ्या दोन विद्यार्थिनी गटात आहेत. त्यांनाही नोंदी करायचा पूर्ण हक्क दिला आहे.

आम्ही घेतलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती मात्र या गटात नाहीत. त्यांत कर्ज आहे, सावकाराचं नाव आहे, घरातलं भांडण आहे. त्यांच्यासाठी वेगळा खासगी गट केला आहे, त्यात आम्ही दोघीच. गावाऐवजी तालुका आणि नावाऐवजी क्रमांक लिहितो. विद्यार्थिनींना त्यातलं काय आणि केव्हा दाखवायचं, हे पुढच्या फेरीत त्या शेतकऱ्यांनाच विचारणार आहोत.