दादाजानच्या कबरीची खूण

जिंतूर सोडून येलदरीचा रस्ता धरला आणि हातातल्या जीपीएस यंत्रावर नुसता बाण उरला, नकाशा गायब! चूक आमचीच. सेल बदलताना त्यांच्याखालचे मायक्रोएसडी कार्ड निसटले होते. ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवलेली पूर्णा नदी, धरण, गाडीवाटा, सगळे त्या नखाएवढ्या तुकड्यात. कार्ड नसले तरी यंत्र उपग्रहांवरून जागा ओळखतेच, त्यामुळे बाण खरा होता. त्याच्या पायाखालची जमीन तेवढी नाहीशी झाली होती. कार्ड नीट बसवले, पूर्णा पुन्हा दिसली.

कब्रस्तानात फुफीजान पुढे झाल्या. कबर कच्ची, दर पावसाळ्यात उंचवटा बसतो. जागा ओळखणाऱ्या आता त्या एकट्याच, आणि त्यांचेही वय झाले. फातिहा पढून आम्ही यंत्रात खूण घेतली. पडद्यावर अचूकता दिसली ४ मीटर.

"चार मीटरमध्ये तर तीन कबरी मावतात, बेटा!" फुफीजान म्हणाल्या.

खरेच होते. वर कडुनिंबाची दाट सावली, आकाश जेमतेम दिसत होते. मग टेप काढली. कडुनिंबाच्या बुंध्यापासून आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून अंतरे मोजून वहीत लिहिली.

आमच्या यंत्रात नकाशा कार्डावर असतो, पण घेतलेल्या खुणा यंत्राच्या पोटात राहतात. यंत्र बिघडले की त्याही गेल्या. म्हणून घरी येताच संगणकाला जोडून खुणेची नक्कल दोन कार्डांवर उतरवली, सोबत वहीच्या पानाचा फोटो. एक कार्ड दुबईला धाकट्या भावाकडे गेले. दुसरे फुफीजाननी दादाजानच्या तस्बीहच्या डबीत ठेवले.