काचेतली रिक्षा

दुपारी दोनच्या उन्हात वडोदऱ्याच्या अलकापुरीतल्या एखाद्या भारी साड्यांच्या दुकानासमोर उभं राहून बघावं. आत जांभळा शालू मांडलेला असतो, पण डोळ्यांना दिसते ती पाठीमागून चाललेली रिक्षा. गडद कापडापुढे काच आरसा होते. म्हणून मुरलेला डिस्प्लेवाला मागे फिकट पडदा लावतो, दिव्यांचा झोत वाढवतो आणि मग रस्ता ओलांडून पलीकडून, जमलं तर स्कूटरवरून जाता जाता, आपलंच काम पारखतो. शालू तिथे फार दिवस ठेवायचाही नसतो. उन्हानं रेशमाचा रंग उडतो.

हे काम हलकं समजणाऱ्यांनी 1939 सालचं न्यूयॉर्क आठवावं. बॉनविट टेलर या दुकानाच्या काचेत साल्वादोर दालीनं केलेली मांडणी मालकांनी परस्पर बदलली. दाली तणतणत आत शिरला आणि झटापटीत आतला बाथटब काच फोडून थेट फूटपाथवर आला! त्याच दुकानात 1961 साली अँडी वॉरहॉलची चित्रं झगे घातलेल्या पुतळ्यांमागे टांगली होती.

तेच 1961 वडोदऱ्यातही महत्त्वाचं. इथलं फाइन आर्ट्स कॉलेज 1950 साली सुरू झालं. नारायण श्रीधर बेंद्रे तिथे चित्रकला शिकवत. तिथलेच चित्रकार के. जी. सुब्रमण्यन दोन वर्षं हातमाग मंडळात काम करून 1961 मध्ये परतले आणि त्याच सुमारास कॉलेजचा फाइन आर्ट्स फेअर सुरू झाला. स्वतः सुब्रमण्यन त्यासाठी खेळणी बनवत. चित्रकारानं वस्तू करावी, मांडावी आणि विकावीही, यात तिथे कुणाला कमीपणा वाटला नाही. या शहराच्या काचांना त्या वातावरणाचा फायदा मिळायला हवा होता. म्हणावा तसा मिळालेला नाही, असं बाजारातून फिरताना वाटतं.

हात मात्र तयार आहेत. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत गणपतीचं मखर करताना तंगूस कुठे बांधला की दिसत नाही, हे पोरं लहानपणीच शिकतात. काचेत पदर अधांतरी तरंगवायचा तर तोच तंगूस लागतो; फक्त दिवा त्याच्या मागून नको, नाहीतर दोरा चांदीच्या तारेसारखा चमकतो.

खरी लढाई रिकाम्या जागेची. पॅरिसमध्ये एर्मेस या दुकानाच्या काचा 1978 ते 2013 लैला मेंशारी यांच्याकडे होत्या; वर्षातून चार वेळा त्या अख्खा देखावा पालटत. इथे दुकानदार म्हणतो, "एवढी जागा मोकळी कशाला? अजून चार लावा ना, भाऊ." मग तडजोड होते: काचेत एकच साडी, बाकीच्या दारातल्या पुतळ्यांवर. दिवाळीच्या आठवड्यात मात्र दुकानदाराचंच चालतं.