तिची चार नावं

आपल्याकडे नव्या नवरीचं नाव तांदळात बोटानं लिहून बदलत. हिचं तर प्रत्येक घरानं बदललं. जातीनं ती वॉल्ट्झ: तीन मात्रांची चाल, पहिलीवर पाय ठाम, पुढच्या दोन अलगद. माहेर लुइझियाना.

1929 च्या एप्रिलमध्ये अटलांटाला ब्रो भावंडांनी तिला तबकडीवर बसवलं. आमेदेकडे अकॉर्डियन, ओफीकडे फिडल, क्लेओमाकडे गिटार. तेव्हाचं नाव ‘मा ब्लोंद ए पार्ती’, म्हणजे माझी ब्लोंद गेली. फ्रेंच शब्दकोशातली ब्लोंद सोनेरी केसांची. तिच्या माहेरच्या अकेडियन बोलीत मात्र ब्लोंद म्हणजे नुसती प्रेयसी, मग केस काळेभोर का असेनात.

1935 साली लिओ स्वालोनं तिला लुइझियानातल्या गेडन गावाचं नाव लावलं. त्याच सुमारास हॅकबेरी रॅम्बलर्स या बँडनं तिला ‘जोली ब्लोंद’ म्हटलं: देखणी प्रेयसी. 1946 मध्ये हॅरी चोट्सनं ह्यूस्टनला अकॉर्डियन बाजूला ठेवून फिडललाच पुढं केलं. गाणं फ्रेंचच राहिलं, पण लेबलवर नाव छापलं ते कानाला लागलं तसं: ‘जोल ब्लॉन’. त्याच चुकल्या नावानं ती जानेवारी 1947 मध्ये बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर जाऊन बसली. घरची माणसं, म्हणजे लुइझियानातले केजन, तिला आपलं राष्ट्रगीत म्हणू लागली. चोट्स मात्र 1951 मध्ये ऑस्टिनच्या तुरुंगात वारला. वय अवघं अठ्ठावीस.

नाव बिघडलं म्हणून तिनं कधी तक्रार केली नाही. तिच्या माणसांचंही तेच झालं होतं. 1755 पासून ब्रिटिशांनी अकेडियातून, आजच्या नोव्हा स्कोशियाकडून, हुसकलेले हे लोक. त्यातले बरेच पुढं लुइझियानात रुजले. ‘अकादियँ’चं घासून ‘कादियँ’ झालं, इंग्रजी कानांनी त्याचं ‘केजन’ केलं. आज ते नाव ती माणसं मिरवतात.

चारपैकी एकाच नावात ‘गेली’ होतं. पुढच्या घरांनी ते गाळलं. पण कडवी बदलली तरी गाऱ्हाणं तेच: ती मला सोडून दुसऱ्याबरोबर गेली. आणि ते ऐकताच जोडपी खुर्च्या सरकवून नाचायला उठतात.