मार्चमधले फुटबॉल

फेब्रुवारीत सुपर बोल झाला की अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपला, असे बाहेरच्यांना वाटते. पिट्सबर्गमध्ये तो तेव्हा घरात शिरतो. मार्चच्या मध्यावर एके दिवशी दुपारी चारच्या ठोक्याला एनएफएल या व्यावसायिक लीगचे नवे वर्ष सुरू होते, करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि हवा तो संघ गाठतात. बोलणी करायची मुभा दोन दिवस आधीपासूनच असते, त्यामुळे चार वाजेपर्यंत निम्मा बाजार उठलेलाही असतो. पेन हिल्सच्या वेंकटेश्वराच्या देवळात भेटलेली माणसेसुद्धा प्रसाद हातात घेऊन तेच बोलत असतात. कोण गेला, कोण आला, कितीला आला.

२०२५ सालच्या उलथापालथीत तर आमच्या गावचा स्टीलर्स संघ ओळखू येईना. नाजी हॅरिस चार्जर्सकडे गेला, जॉर्ज पिकन्सला डॅलसला धाडले, सिअॅटलहून डीके मेटकाफ आला. जूनमध्ये एक्केचाळीस वर्षांचा एरन रॉजर्स क्वार्टरबॅक म्हणून दाखल झाला. महिनाअखेरीस मिंका फिट्झपॅट्रिक मायामीला गेला आणि त्याच्या बदल्यात तिकडून जेलन रॅमझी आणि जॉनू स्मिथ आले. चार महिन्यांत एवढे सगळे घडले. माझ्यासारखीला नावे पाठ करायलाच ऑगस्ट उजाडतो.

मी या गावात आले १९७९ च्या शरद ऋतूत, नव्याने लग्न होऊन. यांची नोकरी वेस्टिंगहाउसमध्ये होती, आणि शेजारी होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक पोलिश आजोबा राहत. मला इंग्रजी येत होते, पण त्यांचे इंग्रजी कळायला महिना गेला आणि फुटबॉल कळायला दोन. त्यांनी रविवारी टीव्हीसमोर बसवून मला खेळ शिकवला. 'बॉल कुठे आहे ते बघू नकोस, समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांचे पाय बघ,' हे त्यांचे पहिले वाक्य अजून लक्षात आहे. त्या जानेवारीत स्टीलर्सनी सहा वर्षांतला चौथा सुपर बोल जिंकला. तो जिंकणाऱ्या संघातला एकही खेळाडू त्याआधी एनएफएलमधल्या दुसऱ्या कुठल्या संघाकडून खेळलेला नव्हता. सगळेच्या सगळे इथे येऊन घडलेले. आज ही गोष्ट नातीला सांगितली तर तिला ती दंतकथा वाटते.

आजोबांनी मला वर्तमानपत्रातून संघाची यादी कापून दिली होती. ती मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवली, चहा-साखरेच्या डब्यांच्या वर. नाव, क्रमांक, वजन, कॉलेज. दर ऑगस्टला त्यात पेन्सिलने थोडी खाडाखोड करायची. तळाची चार-पाच नावे बदलत, वरची तशीच राहत : ब्रॅडशॉ, फ्रँको हॅरिस, जो ग्रीन, लॅम्बर्ट, स्वान, स्टॉलवर्थ, वेब्स्टर. यातले लॅम्बर्ट, स्वान, स्टॉलवर्थ आणि वेब्स्टर १९७४ च्या एकाच ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या निवडीतून, आले आणि चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. खाडाखोड करायची वेळ आली की बातमी शोधावी लागे. 'पिट्सबर्ग प्रेस'च्या क्रीडापानावर तळाला मुंगीच्या अक्षरांत एक रकाना असे, त्यात सगळ्या खेळांतल्या सगळ्या संघांच्या नेमणुका आणि गच्छंत्या एकेका ओळीत. आजोबा चष्मा कपाळावर चढवून, पान नाकाला टेकवून तो रकाना वाचत. एखाद्या राखीव खेळाडूला काढल्याची ओळ सापडली की म्हणत, 'चांगला पोरगा होता, आता काय करेल?'

हा प्रश्न त्या काळात खरा होता. पुष्कळ जण खेळाबरोबर दुसरे कामही बघत. हंगाम संपला की कुणी विमा विकी, कुणी गाड्यांच्या दुकानात उभा राही. म्हणून ते दिसत, भेटत. चेहऱ्याआधी त्यांची चाल ओळखू येई. कारखाने एकामागून एक बंद पडत होते, होमस्टेडला १९८६ मध्ये टाळे लागले, घरोघरी माणसे बसून होती. अशा दिवसांत निदान ही अकरा माणसे उद्याही तीच असणार, एवढा दिलासा गावाला होता. त्या दिलाशाची किंमत मला आजही कमी लेखवत नाही.

पण तो दिलासा कुणाच्या जिवावर होता, हेही सांगायलाच हवे. खेळाडू राहत, कारण त्यांना जाता येत नव्हते. करार संपला तरी जुन्या संघाचा त्यांच्यावरचा हक्क संपत नसे. १९८४ मध्ये फ्रँको हॅरिसने पगारवाढ मागितली आणि ती मिळेपर्यंत सरावाला येणार नाही म्हणून सांगितले. ज्याने १९७२ साली जमिनीला टेकता टेकता उचललेला चेंडू घेऊन धावत या संघाला पहिला प्लेऑफ विजय मिळवून दिला, त्या फ्रँकोला संघाने ऑगस्टमध्ये सरळ मोकळे केले. तो सिअॅटलकडून आठ सामने खेळला आणि जिम ब्राउनच्या धावलेल्या यार्डांच्या विक्रमाला १९२ यार्ड कमी पडून थांबला. कपाटावरच्या यादीतले ते नाव मी खोडले नाही. सिअॅटलच्या गणवेशातला त्याचा फोटो छापून आला तेव्हा आजोबांनी पान उलटले.

आणि वेब्स्टर! पंधरा हंगाम इथे खेळला, कडाक्याच्या थंडीत बाह्या वर करून. २००२ मध्ये तो गेला तेव्हा पन्नाशीत होता. आजार, दारिद्र्य, रात्री गाडीत झोपणे, सगळे भोगून झाले होते. याच गावच्या शवागारात डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी काय होते ते जगाला कळले. निष्ठा म्हणून आम्ही ज्याचे गोडवे गात होतो, त्याची एवढी किंमत त्याने मोजली होती. म्हणून १९९३ मध्ये खेळाडूंना बाजारात उतरण्याचा खरा हक्क मिळाला, तो त्यांनी कोर्टकचेऱ्या करून मिळवला, याचा मला मनापासून आनंद आहे. पुढच्याच वर्षी प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर मर्यादा आली : तीन कोटी ४६ लाख डॉलर. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली होती.

जे गेले त्यांचा राग कधीच आला नाही, असे नाही. १९९७ मध्ये रॉड वूडसन सॅन फ्रान्सिस्कोला गेला तेव्हा घरात कुणी मेल्यासारखी शांतता होती. पण बाजाराने दिलेही. १९९६ मध्ये रॅम्सकडून जेरोम बेटिस आला. परक्या संघाचा, जाडजूड, तिकडे नकोसा झालेला. दोन वर्षांत तो गावचा झाला आणि २००६ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटमध्ये, स्वतःच्या जन्मगावी, सुपर बोल जिंकून थांबला. माणूस आपला व्हायला तो इथेच वाढावा लागतो असे नाही. त्याला थोडी वर्षे मात्र द्यावी लागतात, आणि आता तीच मिळत नाहीत. ओळख होते न होते तोच तो निघालेला असतो.

माझा खरा जीव तुटतो तो दुसऱ्याच बातम्यांनी. त्याही बहुधा याच महिन्यांत येतात. हंगाम नसतो, मुले मोकळी असतात, हातात पैसा असतो, आणि पोलिसांना फोन जातो. हे पूर्वी नव्हते, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. १९७३ च्या मार्चमध्ये स्टीलर्सच्या बचावफळीतल्या अर्नी होम्सने ओहायोच्या महामार्गावर ट्रकवर आणि मग पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर गोळ्या झाडल्या. एक अधिकारी जखमी झाला. संघाचे मालक आर्ट रूनी त्याच्या पाठीशी उभे राहिले, त्याच्यावर मनोरुग्णालयात उपचार झाले, न्यायालयाने पाच वर्षांचे प्रोबेशन दिले आणि तो परत येऊन दोन सुपर बोल खेळला. आजोबा ही गोष्ट सांगताना रूनींविषयी भरभरून बोलत. मलाही ती माणुसकी वाटली, अजून वाटते. आजारी माणसाला रस्त्यावर सोडले नाही, ही मोठीच गोष्ट आहे.

पण ती गोष्ट बाहेर आली, कारण हेलिकॉप्टर झाकता येत नाही. घरातल्या बाईवर उगारलेला हात झाकता येत होता. त्या काळच्या क्रीडापानांत तशी बातमी वाचल्याचे मला आठवत नाही, आणि ती माणसे सगळी देवमाणसे होती म्हणून ती छापून आली नाही, असे मी मानत नाही. अशा हिंसेसाठी लीगने पहिले लेखी धोरण केले तेच मुळी १९९७ मध्ये. तोपर्यंत गावाने, वर्तमानपत्रांनी, संघांनी मूठ झाकलेली ठेवली होती. जुन्या दिवसांची आठवण काढताना माझी मान इथे ताठ राहत नाही. आपण ज्यांना डोक्यावर घेतले त्यांच्या बायकांनी काय सोसले असेल, हे कुणी विचारले नव्हते.

२००८ चा मार्च मला पुसता येत नाही. त्या एकाच महिन्यात स्टीलर्सच्या दोन खेळाडूंना स्त्रीवर हात उचलल्याच्या आरोपावरून अटक झाली. एक लाइनबॅकर जेम्स हॅरिसन, दुसरा रिसीव्हर सेड्रिक विल्सन. विल्सनला संघाने लगेच काढून टाकले. हॅरिसन राहिला. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत, असे संघातर्फे सांगण्यात आले, त्यावर गदारोळ झाला, मग खुलासा झाला. हॅरिसनने समुपदेशन पूर्ण केल्यावर त्याच्यावरचे आरोप मागे घेण्यात आले. तपशील वेगळे असतीलही. पण विल्सनच्या जागी कुणीही सहज मिळणार होता आणि हॅरिसन त्या संघाचा कणा होता, हे सगळ्या गावाला दिसत होते. पुढच्या फेब्रुवारीत त्याच हॅरिसनने सुपर बोलमध्ये चेंडू अडवून शंभर यार्ड धाव घेतली. आमच्या दिवाणखान्यात माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली. माझी सून उठून स्वयंपाकघरात गेली. ती स्त्रियांच्या आश्रयगृहात काम करते.

दोन वर्षांनी पुन्हा तेच. २०१० च्या एप्रिलमध्ये सँटोनिओ होम्स, सुपर बोलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, ड्राफ्टमधल्या पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात न्यूयॉर्क जेट्सला देऊन टाकला. अमली पदार्थांच्या नियमाखाली त्याच्यावर चार सामन्यांची बंदी येणार होती. त्याच महिन्यात क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर याच्यावर जॉर्जियात झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपाचा तपास संपला. सरकारी वकिलांनी खटला भरला नाही, पण लीगने सहा सामन्यांची बंदी घातली, ती पुढे चारवर आली. क्वार्टरबॅक राहिला आणि आणखी अकरा वर्षांहून जास्त खेळला. त्या वसंतात कितीतरी बायकांनी त्याची जर्सी घालणे सोडले, मीही. पुरुष म्हणाले, खटलाच नाही तर शिक्षा कशाची? मला शिक्षेपेक्षा फूटपट्टी खुपत होती. ज्याचा भाव कमी त्याला दार, ज्याचा भाव जास्त त्याला दुसरी संधी.

हे फक्त आमच्याच गावचे दुखणे नाही. २०१४ मध्ये बाल्टिमोरच्या रे राइसने लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला ठोसा मारला. लीगने आधी दोनच सामन्यांची बंदी घातली. लिफ्टच्या आतले चित्रण सप्टेंबरमध्ये लोकांनी पाहिले, त्याच दिवशी बाल्टिमोरने त्याला काढले. गुन्हा तोच होता. फरक पडला तो गुन्हा दिसल्यामुळे. आणि २०२२ च्या मार्चमध्ये शेजारच्या क्लीव्हलँडने काय केले? डेशॉन वॉट्सनवर लैंगिक गैरवर्तनाचे वीसहून अधिक दिवाणी दावे चालू होते. एका ग्रँड ज्युरीने फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला होता, दुसरीने तो कराराच्या काही दिवसांनंतर दिला. त्याला क्लीव्हलँडने २३ कोटी डॉलरचा, पै न् पै हमीचा करार दिला. मागाहून अकरा सामन्यांची बंदी आणि ५० लाखांचा दंड आला. त्या रकमेपुढे तो दंड कुणाला जाणवणार?

आता झाकून राहत नाही, हा बदल मला जुन्या सगळ्या वैभवापेक्षा मोठा वाटतो. पूर्वी रूनींनी एका आजारी खेळाडूला सांभाळले तसे आजही सांभाळावे. उपचार द्यावेत, वेळ द्यावा, चुकलेल्या पोराला उभे करावे. पण ते संघातल्या शेवटच्या, त्रेपन्नाव्या खेळाडूसाठीही करावे, आणि ज्या बाईचा जबडा सुजला तिच्याकडे आधी बघावे. स्वस्त खेळाडूला हाकलून देण्यात कसली आली नीती? आणि महाग खेळाडूला ठेवून घेण्याला तरी कसली आली क्षमा? एकच माप लावा, मग कडक लावा की सौम्य, मी तक्रार करणार नाही.

नात यंदा हायस्कूलला गेली. तिला वाढदिवसाला जर्सी हवी आहे, टी. जे. वॉटची, नव्वद क्रमांकाची. तिचे वडील म्हणाले, जुन्या माणसाची घे, जो ग्रीनची घे. तो आता कुठे जाणार नाही आणि काही करणारही नाही. अशी सावध खरेदी या गावात पुष्कळ जण करतात. तिला ते पटले नाही. तिने ग्रीनला खेळताना पाहिलेलेच नाही. 'आजी, वॉट पुढच्या मार्चमध्ये गेला तर?' म्हणून तिने मला विचारले. मी सांगितले, गेला तर बेटिसही कुठून तरी आलाच होता, तू खुशाल घाल. 'आणि त्याने कुणाला मारलं तर?' तेव्हा तिची आई म्हणाली, मग ती आपण काढून ठेवू, तो कितीही चांगला खेळत असला तरी. नातीने मान हलवली आणि कोणत्या मापाची मागवायची यावर दोघी बोलू लागल्या.