तिसरा सेन्सर
टर्बो गाडीतला तिसरा वाइडबँड सेन्सर मेला तेव्हा गॅरेजवाल्या काकांवर ओरडलो, "डुप्लिकेट माल लावता तुम्ही!"

रात्री लॉग उघडले. तिन्ही सेन्सर सकाळीच गेले होते, थंड इंजिन सुरू केल्या केल्या. आतलं सिरॅमिक हीटरने जवळपास ७८० अंशांपर्यंत तापतं; एक्झॉस्टच्या पाइपात साचलेल्या पाण्याचा थेंब त्यावर उडाला की तडा. म्हणून सेन्सर पाइपाच्या वरच्या अंगाला, टोक खाली करून बसवतात. माझा तळाशी होता.

काका तेव्हाच म्हणाले होते, "वर घेऊ या." वायर पुरत नाही म्हणून खाली वेल्डिंग करायला लावलं ते मी. (इंजिनिअर ना!)

सकाळी एक्स्टेंशन केबल घेऊन गेलो. काका गाडीखाली होते.

"काका, चुकलं माझं."

"बावीसचा पाना दे," ते म्हणाले.