शितावरून शेताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा, असे आपल्याकडे म्हणतात. इतकी वर्षे शेतकऱ्यांच्या बांधावर आणि त्यांच्या ओटीवर बसून मी त्या म्हणीला आणखी एक टोक जोडले आहे. शितावरून शेताचीही परीक्षा होते! पानात वाढलेला भात मोकळा असला, शीत न् शीत सुटे असले, की गृहिणी सुगरण ठरते. तोच भात गिचका झाला की बोल तिलाच लागतो. पण भगिनींनो, या बोलातला मोठा वाटा खरे तर घरच्या कारभाऱ्याचा असतो. कारण भात मोकळा होणार की त्याचा गोळा होणार, हे बरेचसे खळ्यावरच ठरून गेलेले असते. चुलीवर त्याचा फक्त निकाल लागतो.

हे मला पुरते पटले ते मालगुंडात. केशवसुतांचे जन्मगाव म्हणून हे गाव आपल्याला ठाऊक आहे. गणपतीपुळ्याच्या शेजारचे, समुद्रकाठचे, वर कातळाचा सडा आणि खाली भाताची खाचरे असलेले. पाऊस भरपूर, पण भाताचे पीक बहुतेकांचे एकच, पावसाळ्यातले.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिथल्या एका घरी गेलो होतो. कारभारी वैतागून म्हणाले, "साहेब, पुढल्या साली खाचर पडीक टाकतो. एवढे खपून घरचा तांदूळ पोरांना नको झालाय. मुंबईहून आली की दुकानातली पिशवी घेऊन येतात." आतून आजींचा आवाज आला, "तांदळाला कशाला बोल लावतोस? हिच्या हाताला पाण्याचा अंदाजच नाही." सूनबाई काही बोलल्या नाहीत. नंतर समजले, आठ दिवस त्या पाणी कमी-जास्त करून थकल्या होत्या.

मी त्यांना विचारले, "वहिनी, गेल्या सालचा तांदूळ शिल्लक आहे का?" कणगीच्या तळातल्या भाताचा, तीन-चार शेर तांदूळ निघाला. दोन्ही तांदूळ एकाच मापाने घेतले, त्यांच्याच हातून, एकामागून एक, एकाच पातेल्यात शिजवले. गेल्या सालचा भात पानात घरंगळला. नव्याचा गोळा डावाला चिकटून राहिला. आजींनी दोन्ही चाखले आणि "म्हणजे हात वाईट नाही म्हणायचा" एवढेच म्हणाल्या. त्या घरापुरता तो मोठाच निवाडा होता.

आता कारण शोधायचे होते. त्यासाठी काळ्या तव्यावर नव्या तांदळाचे शंभर दाणे पसरून मोजले. निम्म्याच्या आसपास तुटके निघाले. मग न सडलेल्या भाताचे काही दाणे हाताने सोलून उजेडाकडे धरले. बऱ्याच दाण्यांच्या पोटावर आडव्या, केसासारख्या भेगा होत्या. भात हळवे होते. कापून शेतात पसरले तेव्हा परतीच्या पावसाने भिजले. मग घाईने दोन दिवस डांबरी रस्त्यावर वाळवले आणि तसेच गिरणीत नेले. दुखणे तिथे होते.

वाचकहो, हे नीट समजून घेऊ. तांदूळ म्हणजे मुख्यतः स्टार्च. तो दोन प्रकारचा असतो. अमायलोज हा सरळ साखळीचा, तर अमायलोपेक्टिन हा फांद्या फुटलेला. अमायलोज जास्त असले की शिते सुटी राहतात. ते कमी असले की भात मऊ व चिकट होतो. वीस टक्क्यांच्या खाली अमायलोज असलेला तांदूळ चिकटतो. वीस ते पंचवीसच्या दरम्यान असलेला, जसा बासमती, मऊ राहूनही मोकळा होतो. पंचवीसच्या वर गेलेला फडफडीत होतो, पण निवला की कडक लागतो. म्हणजे पहिली गोष्ट वाणाची. 1987 साली आलेली इंद्रायणी कितीही काळजीने शिजवा, ती मऊ आणि चिकटच होणार. तो तिचा गुण आहे, तुमचा दोष नव्हे.

दुसरी गोष्ट भेगांची. अख्खा दाणा शिजताना आपला स्टार्च पोटात धरून ठेवतो. दाणा तुटला की तुटल्या तोंडातून तो पाण्यात उतरतो. त्याची खळ होते आणि तीच खळ बाकीच्या चांगल्या शितांनाही एकमेकांना चिकटवते. पातेल्यात कणी जितकी जास्त तितका भात गिचका. आणि ही भेग पडते कशाने? वाळलेला दाणा पुन्हा ओला झाला, की बाहेरचा भाग फुगतो, आतला तसाच राहतो, आणि त्या ताणाने दाणा आडवा तडकतो. पाऊसच कशाला, रात्रीचे दंवही पुरते. तापल्या डांबरावर झपाट्याने वाळवलेल्या दाण्याचेही तेच होते. वरून तूस शाबूत दिसते, म्हणून ध्यानात येत नाही. गिरणीत घातले की सगळे बाहेर पडते.

म्हणून कापणी वेळेवर करा. लोंबीतले शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी दाणे पिवळे झाले की विळा घालावा. शेवटचा हिरवा दाणा पिकायची वाट पाहत बसलात, तर वरचे दाणे उभ्या पिकातच तडकू लागतात. 2019 च्या दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठले आणि कोकणात कापलेले भात शेतातच भिजले, हे आपण विसरलेलो नाही. आभाळ आपल्या हाती नाही. पण ज्या जमिनीत ओल टिकते तिथे हळव्याऐवजी निमगरवा वाण घेतला, तर कापणी पावसाच्या तावडीतून सुटण्याची शक्यता वाढते. आपल्या जमिनीला कोणता वाण योग्य, हे शिरगावच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात जरूर विचारा. विचारताना एकरी उतारा तर विचाराच, पण "याचा भात कसा होतो?" हेही विचारा. आणि त्या वेळी घरच्या बाईला बरोबर न्या. शिजवायचे तिलाच आहे.

वाळवण सावकाश हवे. सारवलेल्या खळ्यावर किंवा ताडपत्रीवर दीड इंचापेक्षा जाड थर देऊ नका. अर्ध्या-अर्ध्या तासाने हात किंवा पाय फिरवा. ऐन दुपारी ऊन फार तापले तर गोळा करून झाका, आणि दिवेलागणीपूर्वी आत घ्या, म्हणजे दंव लागणार नाही. दाणा दाताखाली धरल्यावर कट्कन तुटला तर वाळला. नुसता चेपला तर अजून ओल आहे. शास्त्राच्या भाषेत ओल चौदा टक्क्यांवर नसावी. किनाऱ्यावरची हवा दमट, म्हणून कणगी जमिनीला व भिंतीला टेकवू नका. खाली फळ्या किंवा विटा द्या.

तिसरी गोष्ट मुरण्याची. नवा तांदूळ, कितीही चांगला असला तरी, थोडा चिकटतोच. साठवणीत दाण्यातल्या प्रथिनांत व स्निग्धांशात फरक पडत जातो आणि दाणा घट्ट होतो. मग तो पाणी जास्त पितो, जास्त फुलतो, पण स्टार्च कमी सोडतो. चार-सहा महिन्यांत फरक कळतो, वर्षात चांगलाच कळतो. म्हणून सगळे भात एकदम भरडून आणू नका. भात तुसातच ठेवा आणि लागेल तसे महिन्या-दोन महिन्यांचे गिरणीत न्या. सणासुदीला, पाहुण्यांना मोकळा भात हवा असेल तर गेल्या सालची एक कणगी राखून ठेवा.

आता चुलीकडे येऊ. तांदूळ चाळून कणी वेगळी काढा. ती टाकू नका, घावनाच्या पिठाला चालते. तांदूळ हलक्या हाताने दोन-तीन पाण्यांत धुवा. फार चोळू नका, दाणा मोडतो आणि जीवनसत्त्वेही पाण्याबरोबर जातात. मग वीस-पंचवीस मिनिटे भिजवून निथळत ठेवा. आतपर्यंत ओल गेली की दाणा एकसारखा शिजतो. बाहेर गाळ आणि आत कच्चा, असे होत नाही.

पाणी आटवून करायचा असेल तर जुन्या तांदळाला वाटीस सुमारे दोन वाट्या पाणी धरा. नव्याला दीड वाटी पुरे. सूनबाईंची अडचण इथेही होती. वर्षभर हाताला जुन्याची सवय आणि दिवाळीत एकदम नवा तांदूळ पातेल्यात. आधणाला उकळी आल्यावर तांदूळ वैरा, चवीला मीठ आणि चमचाभर तेल किंवा तूप घाला. एकदा ढवळा, पुन्हा नाही. ढवळण्याने शिते मोडतात आणि खळ वाढते. पाणी तांदळाच्या पातळीला आले की आच अगदी मंद करा आणि घट्ट झाकण ठेवा. आच बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नका. या दहा मिनिटांत वरची वाफ आणि तळची ओल सारखी होते. मग उलथन्याने कडेकडेने मोकळा करा. कुकरमध्ये पाणी थोडे कमी घाला आणि वाफ आपली आपण उतरू द्या.

नव्या तांदळाला मात्र वेळून केलेला भात बरा. पाच-सहा पट पाण्यात शिजवा. शीत बोटांत चेपून पाहा. आत किंचित कणी राहिली की वेळा आणि झाकून निखाऱ्यावर किंवा मंद आचेवर पाच-सात मिनिटे ठेवा. सुटलेला स्टार्च पाण्याबरोबर निघून जातो. ते पाणी मोरीत ओतू नका. त्यात बी गटातली जीवनसत्त्वे उतरलेली असतात. मीठ आणि तूप घालून मुलांना, वृद्धांना प्यायला द्या.

भिजून तडकलेल्या भाताचे मग काय करावे? त्यावर आपल्या कोकणातच उपाय आहे, तो म्हणजे उकडा. भात तुसासकट रात्रभर भिजवा, हंड्यात उकडा आणि काही दाण्यांचे तूस उकलले की काढून सावलीत वाळवा. उकडताना तुसाच्या आतच स्टार्च शिजून पसरतो आणि भेगा सांधल्या जातात. दाणा कडक होतो, गिरणीत कमी तुटतो आणि शिजल्यावर सुटा राहतो. शिवाय कोंड्यातली जीवनसत्त्वे आत मुरतात. मालगुंडच्या त्या घरी उरलेल्या भाताचा उकडाच केला. आजींना कृती सांगावी लागली नाही, उलट मलाच त्यांच्याकडून दोन बारकावे कळले. त्या उकड्याच्या पेजेला आणि भाताला मुंबईच्या मुलांनीही नाक मुरडले नाही. खाचर पुढल्या आषाढात लागले, आणि निमगरव्याने लागले.

जाता जाता एक सांगतो. प्रत्येक तांदळाने मोकळेच झाले पाहिजे, असा हट्ट धरू नये. उकडीच्या मोदकाची पारी नव्या, चिकटसर तांदळाच्या पिठाचीच न फाटता वळते. आजाऱ्याला आणि बाळाला आसट भातच सोसतो. पिशवीवरच्या लांब दाण्याच्या चित्राने आपल्या घरचा तांदूळ मोजू नका. कोणता दाणा कशाला, हे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराच्या कणगीतले काहीच वाया जात नाही.

तेव्हा बंधूंनो, यंदा भात गिरणीत नेण्याआधी मूठभर दाणे सोला, त्यातले शंभर मोजून उजेडाकडे धरा आणि तडकलेले किती ते पाहा. फार असले तर उकड्याकडे वळवा, थोडे असले तर कणगीत मुरू द्या. आणि तो आकडा ओटीवर सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने सांगा, म्हणजे जेवताना विनाकारण कुणाला बोल लागणार नाही.