पोटात पडणारा खड्डा

आभासी वास्तवाचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी घडवलेल्या, छताला टांगलेल्या शिरोयंत्रापासून आरंभ करतात. यंत्राच्या बाजूने ते योग्यच. शरीराच्या बाजूने पाहायचे, तर हा धागा १८९४ पासून सुरू करावा लागतो.

त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात एक ‘झपाटलेला झोपाळा’ होता. प्रेक्षक खोलीत टांगलेल्या झोपाळ्यावर बसत, झोके वाढत जात आणि अखेर आपण उलटे होऊन पूर्ण गिरकी घेतली असे त्यांना वाटे. वास्तविक झोपाळा जवळजवळ स्थिर असे. फिरत असे ती भोवतालची खोली, जमिनीला जखडलेल्या सामानासकट! पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वूड यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले. युक्ती त्यांना पुरती ठाऊक होती. तरीही प्रत्येक झोक्यासरशी पोटात खड्डा पडे. डोळे मिटताच तो नाहीसा होई. मळमळ आणि भोवळ यांमुळे काहींना बाहेर पडताना धड चालवत नसे.

तो खड्डा मला ठाऊक आहे. गतवर्षी एका प्रदर्शनात चष्मा चढवून मी एका किल्ल्याच्या आभासी बुरुजावर उभा राहिलो. पायाखाली सतरंजी होती, हे मी स्वतः पाहिले होते. कड्याशी येताच गुडघे लटपटले, तळवे घामेजले आणि हात नसलेला कठडा शोधू लागले.

डोळे गतीची ग्वाही देतात. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका मात्र ‘आपण जागीच आहोत’ असे सांगतात. या विसंवादातूनच मळमळ उपजते, असे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. कानाचा वाटा किती मोठा, याचा सुगावा विल्यम जेम्स यांना १८८२ मध्येच लागला होता. गरगर फिरवल्यावर ५१९ मूकबधिरांपैकी १८६ जणांना चक्कर मुळीच आली नाही.

सर्वांत विलक्षण नोंद १९५० च्या दशकातली आहे. अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर-अनुकारकात नवशिक्यांपेक्षा मुरलेले प्रशिक्षकच अधिक आजारी पडले. खऱ्या उड्डाणात कोणत्या दृश्याबरोबर कोणता हिसका बसतो, हे त्यांच्या शरीराने पाठ केले होते. इथे दृश्य आले, हिसका आलाच नाही. नवख्यांच्या शरीराजवळ तुलनेला काही नव्हतेच. (अनुभव असा अंगाशी येतो!)

हे सारे इतिहासाच्या धाग्यात कशासाठी? हल्ली आभासी किल्ला पाहून आलेले तरुण मित्र ‘आम्ही इतिहास अनुभवला’ असे सांगतात. त्यांच्या अंगावरचा काटा खराच असतो, त्याची थट्टा मी करणार नाही. पण वूड यांच्या पोटातला खड्डाही तितकाच खरा होता आणि झोपाळा मात्र हललाच नव्हता. बखरीतल्या मजकुराला आपण विचारतो: हे कोणी लिहिले, कधी, कशाच्या आधारे? शहाऱ्याला तेच प्रश्न विचारण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही.

चष्मा उतरवल्यावर मी तिथल्या तरुणाला विचारले, “या बुरुजाची उंची कोणत्या मोजणीवरून घेतली?”

“अंदाजानं, सर,” तो म्हणाला. “जरा उंच ठेवला की लोक जास्त घाबरतात.”